न खाणाऱ्याचा नवस

आमच्या नात्यागोत्यात आणि कुपवाडच्या कारखान्यात मला एक मान आहे, आणि तो खोटा आहे. कुणाच्या घरी माशाचं जेवण असलं आणि वाढणारा माझ्या ताटापाशी आला, की कुणीतरी हात आडवा करतं. "त्यांना नको, त्यांनी लेकीसाठी मासे सोडलेत." मग चार माणसं माझ्याकडं आदरानं बघतात, एखादी म्हातारी हात जोडते. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. दत्त महाराजांच्या पायाशी मी खोटं बोललो आणि तरीही त्यांनी माझ्या पदरात टाकायचं ते टाकलं. हे कधीतरी, कुठंतरी कबूल करावं म्हणून लिहायला बसलोय.

सुरुवात मात्र लहानपणापासून करावी लागेल. आमचं मूळ गाव माण तालुक्यातलं, घराणं मेंढरं राखणारं. विहिरीच्या तळाशी चकाकतं ते पाणी, एवढीच आमच्या लोकांची पाण्याशी ओळख. वडील कोयनेला धरणावर कामाला लागले आणि आम्ही कोयनानगरच्या कॉलनीत राहायला गेलो. तिथं आभाळातून पाणी, डोंगरातून पाणी, धरणात पाणी. वडिलांना पोहता येत नव्हतं, तरी त्या पाण्याचं त्यांना वेड लागलं. बरोबरच्या एका कामगाराकडून ते गळ टाकायला शिकले, तेही पस्तिशी उलटल्यावर. आठवडाभर जे शिकत ते रविवारी मला शिकवत. म्हणजे आम्ही बापलेक एकाच इयत्तेत होतो, ते फक्त एक धडा पुढं.

धरणाच्या खाली, नदी जिथं जरा संथ होते तिथं आमचा खडक होता. बांबूची काठी, तंगुसाचा चिवट दोरा आणि जुन्या चपलेच्या रबराचा कापलेला तुकडा, तरंगायला. गांडूळ अर्धं ओवायचं आणि अर्धं वळवळत ठेवायचं. रबर पहिल्यांदा बुडालं की ओढायचं नाही, दुसऱ्यांदा बुडालं की मनगटानं झटका द्यायचा. मला दम निघायचा नाही, पहिल्याच बुडीला काठी उचलायचो आणि रिकामा गळ डोक्यावरून मागं जाऊन झुडपात अडकायचा. वडील कधी रागावले नाहीत. म्हणायचे, "गड्या, हे मेंढरं राखल्यागतच हाय. नजर ठेवायची, आपुन हालायचं न्हाई." पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजे, तेव्हा मात्र ते मला बखोटीला धरून एका दमात वर नेत. भूकंपाचा धक्का बसला आणि घरात भांडी वाजली तरी न घाबरणारा तो माणूस, भोंगा ऐकला की पांढराफटक पडायचा. त्यांच्या शेजारी न बोलता बसलेले ते तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. देवळात जे मिळतं असं लोक सांगतात ते मला तिथं मिळायचं.

पहिली मरळ मी काढली तेव्हा आठ वर्षांचा होतो. वडिलांनी ती कॉलनीभर मिरवली. आईनं कालवण केलं, वडिलांनी मधला तुकडा निवडून माझ्या ताटात ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघत बसले. आता हे सांगायला हवं, की त्याच्या थोडंच आधी बारक्या माशाचा काटा माझ्या घशात रुतला होता. कोरड्या भाकरीचे घास न चावता गिळून गिळून शेवटी तो गेला, पण तेव्हापासून माशाचा वासही तोंडाजवळ आला की मला उमळायचं. हे मी वडिलांना सांगू शकलो नाही. एवढ्या हौसेनं शिकवलेल्या माणसाला कसं सांगणार, की मला धरायला आवडतं पण खायला नाही? मी म्हणालो, "लय भारी झालंय." आणि ते पलीकडं वळले तसा तुकडा मांजरापुढं सरकवला. पुढं तेच अंगवळणी पडलं. कधी बहिणीच्या ताटात, कधी खिशात. वडील गेले तोवर त्यांना वाटत होतं की आपल्या पोराचा जीव माशात आहे. त्या वेळी ते पोरपण होतं असं म्हणून मी स्वतःला सोडून द्यायचो. पण सराव तिथूनच झाला.

नोकरीसाठी सांगलीला आलो, कुपवाडच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलो. लग्न झालं. बायको रंजना कवठे महांकाळची, कोरडवाहू मुलखातली. माहेरी तिनं मासा पाहिला तो आठवडी बाजारातला सुका. माझ्यामुळं तिला नदीचा ताजा मासा कळला, आणि मग तिच्याइतका चवीनं मासा खाणारं माणूस मी पाहिलं नाही. मी दर रविवारी हरिपूरच्या पुढं कृष्णेवर जायचो, चिलापी, कधी मरळ घेऊन यायचो. ती कालवण करायची, हातावर थेंब घेऊन चाखायची, डोळे मिटायची. मी "नदीवरच भाजून खाल्ला" म्हणत आमटीभात ओढायचो. मला वाटायचं, तिला काही कळलेलं नाही. नवऱ्यांना असं बरंच काही वाटत असतं.

मुलगी सानिका दहावीला असताना तिला डेंगू झाला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, प्लेटलेट्स फार उतरल्यात, एका माणसाच्या रक्तातून मशीनवर काढून द्याव्या लागतील, आज दुपारपर्यंत माणूस उभा करा. मला साखरेच्या गोळ्या चालू, म्हणून मी बाद. मेहुण्यानं आदल्या दिवशी अंगदुखीची गोळी घेतली होती, तो बाद. कारखान्यातले दोघे आले, त्यांचा गट जुळेना. तिसऱ्याची शीर सापडेना. मी कॉरिडॉरमध्ये फोन लावत फिरत होतो आणि मनातल्या मनात देवाला शिव्या देत होतो, हेही कबूल करतो. सासरे बाकावर बसून होते. मेंढरामागं आयुष्य काढलेला माणूस, फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "पाव्हणं, हितं चकरा मारून काय हुणार? फोन आमी लावतो. तुमी औदुंबरला जाऊन या. काय तरी बोला म्हाराजास्नी."

गाडी काढली आणि भिलवडीवरून औदुंबर गाठलं. पादुकांपुढं गर्दी नव्हती. बसलो, हात जोडले आणि काय बोलावं याचा विचार करू लागलो. पहिली आठवली ती काठी. माझे रविवार, ते पाणी, ती गप्प बसायची जागा. सोडायचं तर तेवढंच माझ्याकडं होतं, बाकी कशात माझा जीव नव्हता. मला ते स्वच्छ कळलं होतं. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "महाराज, पोरगी वाचली तर जन्मभर मासा खाणार नाही." बोललो त्याच क्षणी मला माहीत होतं की मी काहीच दिलेलं नाही. तिकडं लेक पडलेली, आणि इथं बाप देवालाच मापात मारत होता. वर आणखी लाजेची गोष्ट अशी की घाट उतरून पायावर पाणी घेताना माझी नजर सवयीनं खालच्या डोहाकडं गेली, इथं मरळ असणार म्हणून.

बाहेर येऊन डिकीतला फोन काढला. रंजनाचे सात फोन येऊन गेले होते. मी लावला तर ती म्हणाली, "माणूस मिळाला. मशीनवर बसलाय बी." मी पोचलो तेव्हा ते गृहस्थ अजून खुर्चीत आडवे होते, दंडाला नळी. फौजेतून निवृत्त झालेले, जतकडचे, आईचे डोळे दाखवायला सांगलीला आलेले. चहाच्या गाड्यावर मेहुणा फोनवर रडत होता ते त्यांच्या कानावर पडलं आणि ते कप ठेवून आत आले. मी त्यांचे पाय धरायला गेलो तर म्हणाले, "आवं, काय करताय? फौजेत लय बाटल्या दिल्यात मी. त्येच्यापेक्षा च्या सांगा, साखर जास्त." तासाभरानं ते आईला घेऊन बसस्टँडवर गेले. यात गूढ काही नाही, आजही दिवाळीला त्यांचा फोन येतो. पुढं रंजनानं बोलता बोलता सांगितलं, की मी गाडी काढली आणि ते आत आले. "तुमी माधवनगर बी वलांडलं नसंल." म्हणजे मी पादुकांपुढं बसून घासाघीस करत होतो त्याच्या कितीतरी आधीच देणारा देऊन मोकळा झाला होता.

त्या संध्याकाळी मी काय नवस बोललो ते घरच्यांना सांगितलं. सासऱ्यांनी डोळे पुसले. रंजना माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली आणि मग पाणी आणायला उठली. आठवड्यानं सानिका घरी आली. नवसाची बातमी गावोगाव झाली. मी रविवारी नदीवर जातच होतो, मासे घरी आणि शेजारी देत होतो, तर लोकांनी त्याचंही कौतुक केलं. स्वतः खात नाही आणि दुसऱ्यासाठी धरतो म्हणे.

असं वर्ष गेलं. एका रविवारी जेवताना सानिका म्हणाली, "आई, तुझ्या कालवणाला हल्ली पहिल्यासारखी चव नसते. कधी मीठ कमी, कधी खारट." रंजना म्हणाली, "मग तू चाखून सांगत जा की मला." मी घास हातात धरून थांबलो. पुढच्या रविवारी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिनं सवयीनं पळीतला थेंब तळहातावर घेतला, हात तोंडापर्यंत नेला, आणि तिथंच थांबली. मग नळाखाली हात धुतला. तेव्हा मला आठवू लागलं, की वर्षभरात मी तिच्या ताटात मासा पाहिलेलाच नाही. एका घरात, समोर बसून जेवत होतो, पण माझी नजर सगळा वेळ माझ्याच नवसावर होती.

मी विचारलं तर ती आधी टाळत होती. मग गॅस बारीक करत म्हणाली, "तुमी मासा खात न्हाई हे लगीन झाल्यावर म्हैन्यातच कळलं मला. भाजून खाल्ला म्हनायचा, पर काडीपेटी घरातच ऱ्हायाची. तुमी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. पर त्या दिवशी तुमी नवस सांगितला आन् मला भ्याच वाटलं. पोरगी अजून डोळं उघडत नव्हती. म्हनलं, ह्येंचं माप हलकं पडाय नगं. मग मीच सोडला."

"मला बोलायचं तरी," मी म्हणालो.

"काय बोलायचं? सगळी तुमाला चांगलं म्हनत हुती."

त्यानंतर मी ताठ मानेनं तिच्यापुढं बसू शकलो नाही. पुढच्या गुरुवारी औदुंबरला गेलो आणि तिथल्या एका वृद्ध सेवेकऱ्यांना विचारलं, बायकोचा नवस मी अंगावर घेतला, मी गळ टाकणं सोडलं, तर ती मोकळी होईल का? ते म्हणाले, "तिनं दिलंय ते तिचं आहे. त्यात तुम्ही हात घालू नका." मी पुन्हा सौदाच करायला आलो होतो, हे त्यांनी तो शब्द न काढता माझ्या लक्षात आणून दिलं.

तिथून थेट कवठे महांकाळला सासऱ्यांकडं गेलो. माझं कौतुक सगळ्यात जास्त त्यांनीच केलं होतं, तेव्हा त्यांच्यापुढंच आधी उघडं व्हायला हवं होतं. अंगणात बसून सगळं सांगितलं, मांजरापासून पादुकांपर्यंत. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी देवाला फशिवलंत व्हय?" मी मान डोलावली. म्हणालो, "मामा, आता मी गळ सोडतो. काठी मोडून टाकतो. सगळ्यांना खरं काय ते सांगतो."

"नगं," ते म्हणाले. "आता सोडलंत तर फिरून तुमचंच नाव हुईल. बघा, केवढा खरा मानूस म्हनत्याल. माझी पोरगी परत मागंच ऱ्हाईल. लाज वाटतीया न्हवं? वाटू द्या. लगीच पुसून टाकू नगा."

एवढं कठोर आणि एवढं दयेचं बोलणं मी दुसरं ऐकलेलं नाही. तेव्हापासून मी ती लाज घेऊनच महाराजांपुढं उभा राहतो. आधी मला वाटायचं, देवापुढं जायचं तर हातात काहीतरी हवं, निदान काहीतरी सोडल्याचा दाखला हवा. आता कळतं की माझी लेक वाचली ती माझ्या कुठल्याच देण्यानं नाही. एका अनोळखी माणसानं चहाचा कप खाली ठेवला, आणि जिला खरोखर मासा आवडतो तिनं माझं उणं न सांगता भरून काढलं. मी नुसता घेणारा होतो. घेणारा म्हणून उभं राहणं मला फार जड गेलं, पण शरण जाणं म्हणतात ते बहुधा हेच असावं. त्या दयेपुढं मी रोज हात जोडतो, आणि रंजनापुढं मनातल्या मनात.

लोकांना खरं सांगायचं ते मी इथं, माझं नाव न घालता, सांगितलं. ज्यांना मी ओळखीचा वाटेन त्यांनी एवढंच करावं, पुढच्या वेळी हात जोडायचे ते तिला जोडावेत. राहता राहिला गळ. रविवारी मी नदीवर जातो की नाही, ते मी इथं लिहीत नाही.