हरेल त्याने पिसायचं

आमच्या घरी पत्ते खेळताना एकच नियम होता, हरेल त्याने पिसायचं. नियम माझ्या नवऱ्याचा. जपानातल्या ग्योतोकुच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रविवारी दुपारचा चहा झाला की पत्ते निघायचे. आम्ही तिघं, खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण, तिचा नवरा आणि फुनाबोरीहून येणारं एक जोडपं. खेळ बहुतेक वेळा बदाम सात. सत्तीपासून वर आणि खाली पानं लावत जायची, ज्याची आधी संपली तो जिंकला, ज्याच्या हातात सगळ्यात जास्त उरली तो हरला. पण खरी मजा लावण्यात नाही, अडवण्यात. इस्पिकची सत्ती हातात दाबून ठेवायची, दुसरंच काहीतरी लावत राहायचं, आणि समोरचा इस्पिकचे राजा-राणी घेऊन तडफडायला लागला की साळसूदपणे छताकडे बघायचं. यात माझ्या नवऱ्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. लेक सहा वर्षांची होती तेव्हाही त्याने तिला कधी सोडलं नाही. ती भोकाड पसरायची, मी चिडायचे, "अरे लहान आहे ती, जिंकू दे की एकदा!" तो म्हणायचा, "रडीचा डाव नाही खेळायचा. हरलीस ना? मग पीस." मग ती हुंदके देत, अर्धे पत्ते खाली सांडत पिसायची.

मागच्या वर्षी तो गेला. सकाळी ऑफिसला निघाला, स्टेशनच्या जिन्यावर छातीत कळ आली आणि संपलं. त्यानंतरचं मला आठवतं, पण दुसऱ्या कोणाचं तरी आठवावं तसं. मी ऑफिसला जात होते. ओला कचरा, प्लॅस्टिक, बाटल्या, ज्या त्या दिवशी खाली नेऊन ठेवत होते. ऑफिसातले लोक माझ्या नावाला आदराचं सान लावून हळू आवाजात बोलायचे आणि मी मान हलवायचे. पुण्याहून सासूबाईंचा रोज फोन यायचा, "जेवलीस का गं?" मी म्हणायचे, "हो, तुम्ही जेवलात का?" रडू येत नव्हतं. राग येत नव्हता. भूल दिल्यावर दाढ काढतात ना, ओढल्याचं कळतं पण दुखत नाही, तसं चाललं होतं सगळं. लेक तेव्हा सहावीत होती. काही विचारलं की जपानीत एकच शब्द तोंडावर फेकायची, "बेत्सुनि." म्हणजे विशेष काही नाही. बाप गेला त्या दिवसापासून मराठी तिने बंदच करून टाकलं होतं.

दोनेक महिन्यांनी मैत्रिणीने पुन्हा रविवार सुरू केला. लेक आतल्या खोलीत, आम्ही मोठी माणसं बाहेर, तेच टेबल आणि तोच जुना कॅट. मी जिंकायला लागले. दर रविवारी जिंकायचे. सगळे म्हणायचे, "वा, काय पानं येतात गं तुला!" मला बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. मी जिंकत होते, बस.

मग एकदा चहा ओतताना माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं आणि सुचलं, की अरे, आपण किती दिवसांत पत्ते पिसलेच नाहीत! पुढच्या रविवारी मी मुद्दाम खेळ सोडून माणसांकडे बघत बसले. हातातले पत्ते सैल धरले होते. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने माझी इस्पिकची पानं बघितली, आपल्या नवऱ्याकडे बघून नुसते डोळे मोठे केले, आणि त्या गृहस्थाने लावायला काढलेलं दुसरं पान परत हातात घेऊन मुकाट्याने इस्पिकची सत्ती खाली ठेवली. मी जिंकले. फुनाबोरीची म्हणाली, "वा!"

म्हणजे मी खेळत नव्हतेच. मला खेळवत होते. देवासमोर पेढा ठेवतात तसा माझ्यासमोर डाव ठेवत होते, आणि देवाने काही बोलायचं नसतं. मला फक्त एवढंच हवं होतं, की कोणीतरी मला नीट हरवावं. पण हे बोलून दाखवलं असतं तर "छे गं, काहीतरीच काय" म्हणून पुन्हा सत्ती खाली आली असती.

म्हणून मी नवा खेळ शोधायला गेले. इचिकावातल्या एका मॉलमध्ये खेळांचं दुकान आहे. तिथल्या विक्रेत्या मुलीने मोडक्या इंग्रजीत, पण अदबीने विचारलं, कोण कोण खेळणार? मी म्हटलं, घरचे आणि मित्रमंडळी. तिने एक डबा दाखवला, त्यात सगळ्यांनी मिळून जिंकायचं. म्हटलं, नको बाई, तेच तर चाललंय घरी. दुसऱ्यात पाळीपाळीने एकेकाची स्तुती करायची होती. तो मी लांबूनच ठेवून दिला. तिसरा शब्दांचा होता. एक जण पंच. मधे एक कार्ड उघडायचं, त्यावर एखादा गुण, म्हणजे गोड, जुनं, भीतिदायक. बाकीच्यांनी आपापल्या हातातलं, त्याला सगळ्यात जवळचं वाटेल त्या वस्तूचं कार्ड पालथं टाकायचं. पंचाने ती मिसळायची, वाचायची, एक निवडायचं.

"कुठलं कार्ड कोणाचं, हे पंचाला कळत नाही?" मी विचारलं.

"नाही, कळत नाही."

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तितक्याच अदबीने नाही म्हटलं. मी डबा घेतला.

कार्डं जपानीत होती, आणि आमची सगळ्यांची जपानी कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, भाताचा गोळा गरम करून मागण्यापुरती. तेव्हा लेकीला बाहेर बोलावणं भाग पडलं. ती आली, खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसली आणि एकेका कार्डावर पेन्सिलीने इंग्रजी अर्थ लिहून दिला. अडलं की इंग्रजीत सांगायची. कार्डं पुरेशी होती म्हणून तीही खेळायला बसली.

मी हरायला लागले. एकामागून एक डाव हरले. मैत्रीण कार्डं वाचताना चोरून माझा चेहरा बघायची, पण माझ्या चेहऱ्यावर तेव्हा असायचं काय? बिचारीला काही सापडेना. मी निवांत होते. खरंच निवांत होते.

मग पुन्हा मैत्रिणीची पंचाची पाळी आली आणि मधे कार्ड उघडलं, भरवशाचं. मी कोन्बिनी टाकलं. मी तर म्हणेन त्या डब्यात याहून चपखल जोडी नसेल. नवरा गेला त्या आठवड्यात आम्ही मायलेकी कोन्बिनीवरच जगलो होतो. रात्र नाही, सण नाही, भूकंप नाही, ते उघडंच. मैत्रिणीने सगळी कार्डं वाचली, विचार केला आणि म्हणाली, "छत्री."

"छत्री?" मी म्हटलं. "अगं, छत्री भरवशाची? इथली छत्री? एक वादळ आलं की स्टेशनबाहेर मोडक्या छत्र्यांचा खच पडतो! वारा आला की उलटी होते, दुकानाबाहेर ठेवली की कोणीतरी उचलून नेतं! कोन्बिनी ठेवून छत्री? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

माझा आवाज चढला होता. माझा मलाच तो ऐकू आला आणि ओळखू आला नाही. मैत्रीण गडबडून म्हणाली, "बरं बरं, कोन्बिनी तुझं का? घे, देते तुला."

"देतेस? देतेस म्हणजे काय?" मी उभीच राहिले. "इतके महिने देताच आहात की! डोळ्यांनी इस्पिकची सत्ती मागतेस नवऱ्याकडे, मला दिसत नाही? नवरा गेलाय माझा, अक्कल नाही गेली!"

 फुनाबोरीच्या दोघांनी खाली बघितलं. मैत्रिणीचे डोळे भरले, पण माघार घेतली नाही पठ्ठीने. "मग काय करू मी?" ती ओरडली. "दगडासारखी समोर बसतेस! ना रडतेस, ना बोलतेस! भीती वाटते मला तुझी! दुसरं काय द्यायचं तुला, सांग ना!"

 तेवढ्यात लेक म्हणाली, स्वच्छ मराठीत, "आई, रडीचा डाव नाही खेळायचा. छत्री माझी होती. हरलीस तू."

आणि तिने कार्डं गोळा करून डब्यात भरली, खण उघडून जुना कॅट काढला आणि टेबलावर ठेवला. बदाम सात. तिनेच वाटली पानं. कोणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

माझ्याकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम तिघंही आले. बाकीची पानं लागत गेली, इस्पिक काही उघडेना. मी मैत्रिणीकडे बघितलं, तिने मान हलवली. तिच्या नवऱ्याने दोन्ही हात वर केले. आणि मग मी लेकीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

शेवटचं पान तिने टेबलावर हळूच ठेवलं. इस्पिकची सत्ती.

"नालायक कार्टी!" मी किंचाळले. "अगदी बापावर गेलीस!"

तो गेल्यापासून तिच्याशी बोलताना मी त्याचं नाव काढलं नव्हतं. तिचा चेहरा आधी फुलला, मग ओठ थरथरायला लागले. मला रडू फुटलं आणि थांबेना. मैत्रीण चटकन पुढे झाली, माझ्या हातातली उरलेली पानं घेऊन कॅट गोळा करायला लागली.

लेकीने तिचा हात धरला. "काकू, नको," ती नाक ओढत म्हणाली. "आई हरलीय. आई पिसणार."

मी पिसले. निम्मे पत्ते खाली सांडले.