होडीचा निळा रंग
पावसाळ्यानंतर होड्या रंगवायला काढतात तेव्हा ऑइलपेंटच्या वासाबरोबर मला दादाची गिटार आठवते. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमच्या घरी विजेवर वाजणारी गिटार होती, जुनी, परदेशी, मधाच्या रंगाची. दादाला जहाजावर नोकरी लागली आणि जड मनाने त्याने ती विकायला काढली. मुंबईहून एक वादक बघायला येणार होता. दादा त्याला आणायला स्टँडवर गेला आणि इकडे बाबांनी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसून होडीचा उरलेला निळा रंग गिटारीला लावला. मला म्हणाले, "होडी इकतानासुद्धा आपण रंगवून देतो. ही अशी टवके उडालेली कशी द्यायची?" मी अडवलं नाही, मलाही ती नवी दिसायला लागली होती. पाहुण्याने ओला रंग बघितला आणि दादाला हळूच म्हणाला, "अशा गिटारीची किंमत तिच्या मूळ रंगातच असते. मी त्या जुन्या रंगासाठीच आलो होतो." चहा घेऊन तो परत गेला. बाबांनी विचारलं, "काय झालं?" दादा म्हणाला, "त्याला आवडली, बाबा. पण आता मलाच द्यायची नाय." बाबा खूश झाले, आणि संध्याकाळी त्यांनी तिला रंगाचा दुसरा हात मारला. आता बाबा नाहीत. दादा अजून तिच्या तारा बदलतो, पण तो निळा रंग कुणाला खरवडू देत नाही.