पाटावरचा दुसरा माणूस

रघुनाथ मेस्त्रींना मी प्रथम पाहिले ते लालबागेतल्या त्यांच्या पाट्या रंगवायच्या दुकानात; सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी परळच्या एका गिरणीतली नोकरी सोडून, पंचविशी उलटल्यावर, चित्रकार व्हायला निघालो होतो. मास्तरांनी माझी वही चाळली, मिटली आणि मला दुकानात कामाला ठेवून सहा महिने नुसते हात काढायला लावले. माणूस आधी हातात दिसतो, चेहरा मागाहून येतो, असे त्यांचे म्हणणे. तेही चित्रात आधी हातच काढत.

दुकानामागच्या खोलीत मास्तरांबरोबर जनार्दन परब राहत. सगळे त्यांना जनूभाऊ म्हणत. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, विणकर होते आणि उजव्या तर्जनीचे पेर त्यांनी साच्यात गमावले होते. गावाहून आलेले चार बाप्ये एका खोलीत राहणे गिरणगावात नवे नव्हते, म्हणून या दोघांकडे कोणी वळून पाहत नसे. मला मात्र महिन्याभरात कळले की हा संसार आहे. मी गप्प राहिलो. गप्प राहणे मला तेव्हापासूनच छान जमते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. आमच्या चाळीच्या पटांगणात सभा होत आणि सत्यनारायणही तिथेच होई. तिथली लांब भिंत चाळीच्या मंडळाने मास्तरांना रंगवायला दिली. त्यांनी नळावरच्या बाया, साचे, मोर्चा, शाहीर असे सगळे काढले आणि उजव्या कोपऱ्यात पूजा काढली. पाटावर यजमान पळीने पाणी सोडतो आहे आणि शेजारच्या पाटावरून त्याच्या हाताला हात लावला आहे. तो हात बायकोने लावायचा असतो, हे चाळीतल्या पोरांनाही ठाऊक. मास्तरांनी तिथे पुरुष बसवला होता.

भिंत पुरी झाली आणि दोनच दिवसांत मास्तर मोर्चात पकडले गेले. ते तुरुंगात असताना मंडळाचे चिटणीस माझ्याकडे आले. सरकार आमची तोंडे बंद करते म्हणून आदल्याच संध्याकाळी सभेत ओरडून त्यांचा घसा बसला होता. त्याच बसलेल्या घशाने ते मला म्हणाले, "त्या दुसऱ्याला साडी नेसव. नाहीतर सगळी भिंत पुसावी लागेल."

बाकीची भिंत वाचेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे कारण वेगळे होते. नाही म्हटले तर मलाही त्यातलाच समजतील, याची मला भीती वाटली. भर दुपारी, लोकांच्या देखत, मी हिरवी साडी काढली, कुंकू लावले, बांगड्या भरल्या. हात मात्र मला बदलता आला नाही. तीनदा ब्रश उचलला आणि तीनदा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या राणेकाकू भिंतीपाशी थांबल्या. तर्जनीचे ते तुटके पेर न्याहाळून सरळपणे म्हणाल्या, "साडी खंयची पण असांदे, हात जनूचो हा." बाया हसल्या, पुरुष हसले. संध्याकाळच्या आत मंडळाने सगळ्या भिंतीला चुना फासला. मोर्चा गेला, शाहीर गेले, नळावरच्या बायाही गेल्या.

मास्तर सुटून आले तेव्हा त्याच पांढऱ्या भिंतीपुढे त्यांना हार घालण्यात आले. भाषणे झाली. दुकानात परतल्यावर त्यांनी मला विचारले, साडी कोणी काढली. मी म्हणालो, मी. मग त्यांनी हाताचे विचारले. तो बदलायला जमला नाही, असे मी सांगितले.

"मग तेवढं तरी शिकलास म्हणायचं," मास्तर म्हणाले. त्यांनी मला कामावरून काढले नाही. त्या शिक्षेतून मी अजून सुटलेलो नाही.

जनूभाऊ माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. पण मी विषमज्वराने परळच्या इस्पितळात पडलो, तेव्हा पाळी संपवून रोज पेज घेऊन तेच आले. न बोलता ते चमच्याने भरवत असत आणि मला त्या तर्जनीकडे पाहवत नसे.

आज मास्तरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला टिपण पाठवले आहे. त्यात मास्तर 'आजन्म ब्रह्मचारी, कलेलाच वाहिलेले' आहेत आणि खासगी उल्लेख टाळावेत अशी विनंती आहे. पुन्हा तोच चुना, फक्त बादली नवी. या खेपेला मी आधी दोघांना विचारले. मास्तर म्हणाले, जनूला विचार. जनूभाऊंनी इथवरचा लेख माझ्याकडून पुरा वाचून घेतला आणि म्हणाले, "लिही. पण आता साडी नको."

तेव्हा पंचाहत्तरीचा सत्कार करणाऱ्या मंडळींना माझे सांगणे एवढेच. इतर सत्कारांत यजमानीणबाईंची खुर्ची न विसरता मांडता, तशी या सत्कारातही मंचावर दुसरी खुर्ची मांडा. मास्तरांना आणि जनूभाऊंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, तेही जोडीने. आणि नारळ घ्यायला मास्तरांचा हात पुढे होईल, तेव्हा त्या हाताला जनूभाऊंना हात लावू द्या.