वॉचमनवरची चिकटपट्टी

ज्या पत्त्यांच्या खेळापायी मी दहा वर्षं नातेवाइकांचे टोमणे खाल्ले, तो खेळ मी सोडला याचं आता कोणाला काही वाटत नाही. मलाही फारसं वाटलं नसतं. पण माझ्याआधी आईचा खेळ सुटला होता, आणि तो माझ्यामुळे सुटला.

हे रमीचे पत्ते नव्हेत. यातल्या प्रत्येक पत्त्यावर एखादा राक्षस, पक्षी नाहीतर जादूगार असतो. वर त्याचं इंग्रजी नाव, खाली तो काय करतो ते बारीक अक्षरात. बंद पाकिटं विकत आणायची, आत काय निघेल ते आपलं नशीब, आणि त्यातून आपला गठ्ठा जुळवून समोरच्याशी लढायचं. मीरा रोडला एका दुकानाच्या पोटमाळ्यावर आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी हेच करायचो. तिशी उलटलेला माणूस असले पत्ते खेळतो म्हटल्यावर मामा म्हणायचा, "याला आधी मुलगी बघा."

लॉकडाऊनमध्ये तो पोटमाळा बंद झाला. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे भाईंदर पश्चिमेच्या घरात मी आणि आई दोघंच. मी दोन्ही बाजूंनी एकटाच खेळतोय हे तिने चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "अरे, येड्यासारखं काय करतोयस? मला शिकव."

आई मुंबईत एका इस्पितळात आया होती. तिथली ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी तिने निवृत्त झाल्यावरही सोडली नाही. घरातल्या प्रत्येक डब्यावर त्या पट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: तूरडाळ, जाडं मीठ, विचारल्याशिवाय हात लावू नये. पत्त्यांवरचं इंग्रजी तिला झेपेना तेव्हा तिने विचारलं, "यांवर पण लावू का रे?"

"लाव की," मी म्हणालो. जग बंद पडलं होतं, पत्ते कोण बघणार होतं!

तिने आपल्या गठ्ठ्यातल्या पत्त्यांवरची इंग्रजी नावं पट्टीने झाकली आणि स्वतःची लिहिली. मारला तरी परत येणारा तो भाडेकरू. दोन जादा पत्ते मिळवून देणारी ती टँकरवाली. माझ्याकडचा सगळ्यात दुर्मीळ, चमकणारा दगडी राक्षस तिने मागूनच घेतला. तो समोर उभा असेपर्यंत कोणालाच आत जाता येत नाही, म्हणून तो वॉचमन.

जेवणं आटपली की ओटा पुसून ती यायची. "चल, काढ." आणि मग दयामाया नाही. "वॉचमन आला! आता जा बघू आत!" असं म्हणून पत्ता आपटायची. मी हरलो की शेजारच्या काकूंना गॅलरीतून ओरडून सांगायची. माझ्या आईला मी इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. वडील असतानाही नाही, हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

पुढे दुकान उघडलं, स्पर्धा ठरली. मी तिच्या गठ्ठ्यातून वॉचमन आणि आणखी तीन चांगले पत्ते परत घेतले आणि माझ्यात मिसळले. त्यांवरच्या पट्ट्या मला दिसेनाशाच झाल्या होत्या, इतकी त्यांची सवय झालेली. समोरच्याने माझा गठ्ठा पिसला आणि थांबला. "भाई, ये चार मोटे लग रहे हैं. मार्क्ड हैं क्या?"

दुकानदाराने पत्ते उलटून पाहिले. पट्टीने जाड झालेला पत्ता न बघता हाताला ओळखू येतो, म्हणजे नियमात ती लबाडी. मला बाद केलं. ते ठीकच होतं. पण एकाने वॉचमन हातात घेऊन पट्टीवरचं मोठ्याने वाचलं आणि सगळा पोटमाळा हसला. मीही हसलो. म्हणालो, "मम्मी ने चिपकाया है. उसको कुछ समझता नहीं."

घरी आलो तर तिने शिरा करून ठेवला होता. दारातच विचारलं, "जिंकलास ना? वॉचमनने काम केलं का?"

मी पत्ते जमिनीवर ओतले आणि तिच्यादेखत पट्ट्या ओरबाडून काढल्या. "हे काय डाळीचे डबे आहेत? कळत नाही तर हात कशाला लावतेस?" शेवटची पट्टी वॉचमनची. तिच्याबरोबर पत्त्याचा वरचा पापुद्राही टरकन निघाला. आई म्हणाली, "बरं." खाली बसून पट्ट्यांचे कपटे गोळा केले आणि कचऱ्यात टाकले. शिरा मी रात्री खाल्ला.

त्यानंतर "खेळायचं का?" असं मी दोनचारदा विचारलं. "नको रे, मला काय कळतंय त्यातलं," एवढंच उत्तर. मी मीरा रोडला जात राहिलो, एकदोन स्पर्धा जिंकलोही. पण जिंकून आल्यावर आई आता काही विचारत नव्हती. हळूहळू रविवार चुकू लागले आणि शेवटी मी जवळजवळ सगळे पत्ते देऊन टाकले. फक्त तिचा गठ्ठा, ते चार पत्ते त्यात परत घालून, आणि माझा एक, एवढे ठेवले.

गेल्या महिन्यात मी हट्टाने तिला बसवलं. ती बसली, आजाऱ्यापाशी बसतात तशी. प्रत्येक पत्ता टाकण्याआधी विचारायची, "हे चालेल ना?" आपटणं नाही, ओरडणं नाही. मग तिच्या हातून तो दगडी राक्षस खाली आला. मी जरा जास्तच जोरात म्हणालो, "अरे बापरे, वॉचमन आला!"

तिने पत्त्याकडे पाहिलं. "खरं नाव काय त्याचं? तेच सांग, उगाच माझ्याकडून चुकायला नको."

मला आठवेना. वाचून सांगावं म्हणून पत्ता उचलला, तर नावाच्या जागी नुसता पांढरा ओरखडा होता.