शनिवारची रुई

आमच्या मॅडमच्या उजव्या मनगटावर कायम पुरळ उठलेलं असायचं. रुईचा चीक लागला की आग होते, सूज येते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बाईंना हातमोजे घालून चीक काढणं जमत नसे. "देठ हाताला कळला पाहिजे," म्हणायच्या. आम्ही मोजे विसरलो की मात्र बोलणी.

कोलशेतच्या प्रयोगशाळेत हा चीक त्या उंदरांच्या पंजात टोचत. मग आपल्याच शरीरात तयार होणारं, पेशींना 'आता पुरे, शांत व्हा' असा निरोप देणारं एक प्रथिन द्यायचं आणि सूज कमी राहते का बघायचं. पाठीमागे आम्ही त्यांना रुईताई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

राहायला कोपरीत. शनिवारी मारुतीला रुईची माळ घातल्याशिवाय चहासुद्धा नाही. त्या दिवशी प्रयोगासाठी रुई तोडायची नाही, हा त्यांचा दंडक. "आजची पानं त्याची रे. त्यांचा चीक कुणाला टोचायचा नाही." म्हणून शुक्रवारीच जास्तीचा काढून फ्रिजमध्ये ठेवायच्या. शुक्रवारी ताज्या चिकावर नुसत्या चिकाचे उंदीर, शनिवारी फ्रिजमधल्या चिकावर प्रथिनाचे. आम्हालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

प्रथिनाच्या उंदरांचे पंजे जेमतेम सुजले. विभागात पेढे वाटले, शोधनिबंध छापायला गेला. मग एकदा सुट्ट्यांच्या घोळात दोन्ही गट मंगळवारी, ताज्या चिकावर झाले. सगळे पंजे सारखेच टम्म. मॅडमनी फ्रिजमधली शुक्रवारची बाटली उजेडात धरली. तळाशी साका, वर नुसतं पाणी.

"शनिवारी आपण पाणी टोचत होतो," त्या म्हणाल्या. म्हणजे प्रथिनाने काहीच केलं नव्हतं.

विभागप्रमुख म्हणाले, "जाऊ द्या हो, कुणाला कळणारे?" मॅडमनी निबंध मागे घेतला आणि भर बैठकीत मारुतीपासून फ्रिजपर्यंत सगळं सांगितलं. कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमचे कान लाल झाले. शरमेने माझीही मान वर होईना.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हसू द्या हो त्यांना."

"त्यांचं काय घेऊन बसलास. मुक्या जिवांचे पाय मी फुकट सुजवले, त्याची लाज वाटते रे."

पुढे त्या निवृत्त झाल्या आणि प्रथिनाची मात्रा बदलत चालू ठेवलेला प्रयोग माझ्याकडे आला. आता शनिवारीही ताजा चीक काढतो. तोडताना दर वेळी ओशाळल्यासारखं होतं.

मध्यंतरी कोपरीत मारुतीपाशी भेटल्या. शनिवार असूनही हात रिकामे.

"माळ नाही आणली?"

"नाही घालत आता. नुसतं तोंड दाखवून जाते." मग हळूच विचारलं, "उतरते का रे सूज?"

"अजून नाही, मॅडम."

त्यांनी मान हलवली. मनगट अगदी स्वच्छ झालं होतं. मला ते बघवेना.