एकोणीस जावयांचे सासरे

टेस्टिंगबाई नोकरीच्या पहिल्याच दिवशी सासरेबुवांकडे गेल्या, तेव्हा बाईंचा प्रश्न जेमतेम एका ओळीचा होता. "हा सगळा कोड माझ्या मशीनवर कसा उतरवायचा?" उत्तर सुरू झालं तेव्हा टेबलावरच्या चहातून वाफा निघत होत्या. उत्तर चालू असताना त्या चहावर साय आली, साय सुरकुतली, ऑफिसातल्या दोघांनी राजीनामे दिले, त्यातल्या एकाने तो परतही घेतला, आणि खिडकीतून दिसणाऱ्या अर्धवट इमारतीला, बाई आजही शपथेवर सांगतात, एक अख्खा मजला चढला. शेवटी समोरच्या गृहस्थांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "ही झाली प्रस्तावना."

ऑफिस त्यांना सासरेबुवा म्हणत असे. खरं तर त्यांना एकुलता एक मुलगा, तोही बिनलग्नाचा. पण जावई एकोणीस.

हे जावई म्हणजे परक्यांनी लिहिलेल्या लायब्ररी. कंपनी पार्सलांवर लेबलं छापणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बनवायची. आता अक्षरं कशी काढायची, तारखा कशा मोजायच्या, बारकोडच्या रेघा कशा पाडायच्या, हे सगळं स्वतः लिहीत बसायला वेळ कुणाला? ते जगात कुणी ना कुणी आधीच लिहून ठेवलेलं असतं. ते घ्यायचं. पण सासरेबुवांच्या पद्धतीत ते घरात कायमचं आणून ठेवायचं नाही. प्रत्येक लायब्ररी आपापल्या बिऱ्हाडी, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच्या तिच्या वेगळ्या रेपोत, कोडच्या कोठारात. कंपनीच्या मुख्य रेपोत तिच्या नावाची फक्त एक चिठ्ठी: अमुक लायब्ररी, तिच्या अमुक टप्प्यावरची. टप्प्याचा नंबर चाळीस अक्षरांचा. याला सबमॉड्यूल म्हणतात. बुवा नुसतं "चिठ्ठी" म्हणत.

व्यवस्था चोख होती. त्रास एवढाच, की जावयांना शब्दाने दुखवायची सोय नव्हती. जगाच्या पाठीवर कुठेतरी एखादा गृहस्थ, ज्याला बुवांनी जन्मात पाहिलं नाही, सकाळी उठून ठरवायचा की आपल्या लायब्ररीतल्या सगळ्या फंक्शनांची नावं बदलावीत. हवापालट म्हणून. की इकडे बुवांची झोप उडाली. चिठ्ठी बदलायची, जुळवून पाहायचं, बाकीच्या अठरा जणांची समजूत काढायची. त्यातून तारखांची लायब्ररी आणि बारकोडची लायब्ररी या दोघींचं एकमेकींशी पटत नसे. एकीला नव्या टप्प्यावर नेलं की दुसरी रुसून बसे.

रोज पाच वाजता बुवांच्या बायकोचा फोन यायचा.

"निघालात?"

"निघतोच आहे."

ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, बुवांचं "निघतोच आहे" कमीत कमी अडीच तास लांबीचं असतं. अकरा वर्षं ती माउली संध्याकाळी एकटीच फिरून येत होती. एकदा बाईंनी तो फोन घेतला, तर पलीकडून आवाज आला, "त्यांना म्हणावं, तळ्याभोवतीचा रस्ता दुसऱ्यांदा नवीन केला. पहिल्यांदा केलेला त्यांनी पाहिलाच नाही."

अकराव्या वर्षी बुवा साहेबांकडे गेले. वर पहिल्या मजल्यावर नव्या भरतीला शिकवायची जागा रिकामी होती. दहा ते पाच. पाचला फळा पुसायचा आणि घरी जायचं. बुवांना ती हवी होती.

साहेब भले गृहस्थ, पण त्यांना लायब्ररींची भीती वाटायची. ते म्हणाले, "बुवा, तुम्ही वर गेलात तर खाली कोण?"

"माझ्या टिपणांवरून कुणालाही जमेल, साहेब."

"मग दाखवा. शुक्रवारी कोऱ्या मशीनवर, तुम्हाला एक शब्द न विचारता, दुसऱ्या कुणीतरी सगळं उतरवायचं आणि लेबल छापून दाखवायचं. छापलं, की सोमवारपासून तुम्ही वर."

दुसरं कुणीतरी म्हणजे टेस्टिंगबाई. प्रस्तावना पूर्ण ऐकलेल्या त्या एकट्याच होत्या.

बुवांनी तीन आठवडे खपून बावीस पानांची टिपणं लिहिली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एकच नियम: आधी आतलं, मग बाहेरचं. म्हणजे लायब्ररीत काही दुरुस्ती केली, तर ती आधी त्या लायब्ररीच्या रेपोत, सर्व्हरवर चढवायची. मग मुख्य रेपोतली चिठ्ठी बदलायची. उलटं केलं तर चिठ्ठीत पत्ता बरोबर असतो, पण त्या पत्त्यावर कुणी राहत नसतं. हा नियम न पाळल्याबद्दल बुवांनी आजवर निम्मं ऑफिस रडवलं होतं. एकाला तर त्यांनी तो शंभरदा लिहायला लावला, आणि तो माणूस पन्नाशीचा होता.

शुक्रवारी सकाळी बाई कोऱ्या मशीनसमोर बसल्या. बुवा आपल्या जागेवर, पाठ करून. बघायचं नाही असं ठरलं होतं. त्यांचे कान मात्र मागे वळलेले लांबूनही दिसत होते. एकेक लायब्ररी उतरू लागली. पाच झाल्या. अकरा झाल्या. तारखा आणि बारकोड न भांडता शेजारी शेजारी बसल्या. अठरा झाल्या.

एकोणिसावी अक्षरांची. मशीन जरा थांबलं आणि सरळ म्हणालं, हा टप्पा सर्व्हरवर नाही.

बाईंनी टिपणं पाहिली. नंबर पडताळला. पुन्हा करून पाहिलं. मग उठून बुवांच्या टेबलाशी गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "बुवा, काल तुम्ही अक्षरांना हात लावला होतात का?"

बुवांनी चष्मा काढला.

"लेबलावर लांब पत्त्याची शेवटची ओळ कापली जात होती," ते म्हणाले. "पूर्वीपासूनच. म्हटलं, जाता जाता तेवढं नीट करून जावं."

"आणि?"

"चिठ्ठी बदलली. सर्व्हरवर चढवली."

"आणि दुरुस्ती?"

बुवांनी स्वतःच्या मशीनकडे बोट दाखवलं. दुरुस्ती तिथे होती. फक्त तिथेच होती. त्यांच्याकडे सगळं चालत होतं, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. आधी बाहेरचं झालं होतं, आतलं राहिलं होतं.

"अहो, मग तीही चढवा की सर्व्हरवर!" बाई कुजबुजल्या. "अर्ध्या मिनिटाचं काम. साहेब अजून मीटिंगमध्ये आहेत. मी काही पाहिलं नाही."

बुवांनी दुरुस्ती सर्व्हरवर चढवली. बाई जागेवर येऊन बसल्या, एकोणिसावी लायब्ररी निमूट उतरली, आणि पाऊण तासाने यंत्रातून लेबल बाहेर आलं. पत्त्याच्या शेवटच्या ओळीसकट. साहेब आले, लेबल उजेडात धरून पाहिलं, खूश झाले. "वा बुवा! मग काही अडलं नाही म्हणायचं?"

बाईंनी साहेबांच्या पाठीमागून डोळे मोठे केले, मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. यापेक्षा जास्त खुणा करायला माणसाला आणखी अवयव लागतात.

"अडलं," बुवा म्हणाले. "एक चिठ्ठी चुकली होती. माझी."

"तुमची?"

"माझीच. पण साहेब, चूक मी केली. टिपणं बरोबर आहेत. टिपणांप्रमाणे वागलो असतो तर..."

साहेब खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. तिथे भीती होती. "बुवा," ते म्हणाले, "अकरा वर्षं हेच करणाऱ्या तुमच्यासारख्या माणसाकडून हे चुकतं. मग उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं तर काय होईल? नाही, नाही. हे काम तुमच्याशिवाय कुणी करूच शकत नाही."

"साहेब, मीच तर चुकलो."

"तेच म्हणतोय मी!"

साहेब लेबल खिशात घालून गेले. बुवांनी टिपणांची बावीस पानं गोळा केली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि खणात ठेवली. मग स्क्रीनकडे वळून म्हणाले, "बारकोडवाल्याने सकाळी काहीतरी बदललंय. बघतो जरा."

"राहू द्या ना आज," बाई म्हणाल्या.

"उद्यावर टाकलं की दोन दिवसांचं होतं."

वरची जागा पुढच्या महिन्यात बाहेरून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली. सासरेबुवा आणखी सात वर्षं त्याच टेबलावर होते आणि तिथूनच निवृत्त झाले. ते गेल्यावर कंपनीने सगळ्या लायब्ररींचा कोड सरळ मुख्य रेपोत उतरवून घेतला आणि चिठ्ठ्या काढून टाकल्या. त्या कामाला दोन माणसं आणि एक सकाळ लागली.