मला विचारा

दुकानाच्या पाटीवर ‘शितपेय’ असं लिहिलेलं दिसलं, की कानामात्राबाई तहानेनं घसा सुकला तरी त्या दुकानाची पायरी चढत नसत. नवऱ्यानं ‘दुध संपल’ असा निरोप पाठवला तर आधी ‘दूध संपलं’ असं उत्तर जायचं, आणि मग कधीतरी दूध यायचं. नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. लग्न झाल्यावर आठवडाभरात बाईंनी त्या दुकानाची पाटी खाली उतरवून स्वतःच्या हातानं पुन्हा रंगवली होती. तो बिचारा तेव्हापासून शक्यतो फोनच करतो, लिहिण्याच्या फंदात पडत नाही.

अर्धं आयुष्य त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडला तेव्हा हात बांधून घरी बसणं काही त्यांना जमेना. मग एका कंपनीत काम मिळालं. दवाखान्यात आणि बँकेत आपण बाकावर बसतो आणि भिंतीवर लाल आकडा बदलतो ना, त्या आकड्याचा प्रोग्रॅम ही कंपनी बनवायची. त्या प्रोग्रॅमबरोबर एक मदतपुस्तिका जायची आणि तिच्यात इतक्या चुका होत्या की एका बँकेनं तक्रार केली. म्हणून मॅनेजरबाईंनी यांना घेतलं. शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला इंजिनिअर बसायचा. बाई पहिल्याच दिवशी त्याच्या ईमेलमधल्या चुका सांगायला गेल्या, तेव्हा त्यानं ‘कानामात्राबाई’ हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बाईंनीही त्याला सगळ्यांसारखं ‘दाढी’ म्हणायला सुरुवात केली आणि फिटंफाट झाली.

मदतपुस्तिका दोन महिन्यांत लख्ख झाली. आता काय, म्हणून बाईंनी प्रोग्रॅमच उघडला. त्यात यंत्राला दिलेल्या हुकमांच्या ओळी असतात. त्या हुकमांतलं बाईंना ओ की ठो कळत नव्हतं. पण ओळींच्या शेवटी प्रोग्रॅमर लोक एकमेकांसाठी टिपा लिहून ठेवतात. यंत्र त्या टिपा वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. माणसं वाचतात अशी समजूत आहे. प्रत्यक्षात माणसंही ओलांडूनच जातात.

बाई ओलांडून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. छापखान्यातली स्टीलची पट्टी त्यांनी पर्समधून काढली, पडद्यावर ओळीखाली आडवी धरली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दाढी खुर्चीसकट मागे वळला आणि बघतच राहिला.

“काकू, काचेवर ओरखडे पडतील.”

“ओरखड्यांचं नंतर बघू. हे ‘लाऊ नका’ कुणी लिहिलंय?”

आणि चुका तरी किती. ‘इथे हात लाऊ नका. का ते मला विचारा.’ ‘हे आज चालल. का चालल माहीत नाही.’ ‘हे लिहीताना दाढ दुखत होती. निट तपासुन घ्या.’ ‘बायको बोलवतेय. उरलेल उद्या.’ बाईंना हसू यायचं, पण हात थांबायचा नाही. छापखान्याची शिस्त अंगात मुरलेली होती: मजकूर लेखकाचा, त्याला धक्का लावायचा नाही, फक्त चूक उचलायची. त्यामुळे ‘दाढ दुखत होती’ हे तसंच राहिलं, फक्त ‘लिहिताना’ झालं आणि ‘नीट’ झालं. ‘मला विचारा’ हे तर पानोपानी होतं. त्यात चूक नव्हती, म्हणून ते जसंच्या तसं राहिलं.

कंपनीचा एक नियम होता. कुणाचाही बदल दुसऱ्यानं तपासून बरोबरची खूण केल्याशिवाय आत जायचा नाही. बाईंचे बदल दाढीकडे जायचे. तो न बघताच खूण करायचा.

“वाचलंस तरी का?” बाई विचारायच्या.

“काकू, टिपाच तर आहेत. त्यानं काय आभाळ कोसळणार आहे?”

हिवाळाभर हे चाललं. शेवटच्या फाइलमधली शेवटची वेलांटी सुधारली त्या दिवशी बाईंनी ऑफिसात सगळ्यांना बिस्किटं वाटली. घरी नवऱ्याला म्हणाल्या, “आता त्या प्रोग्रॅममध्ये एक चूक दाखवा.” तो म्हणाला, “मला पंक्चर काढायचंय,” आणि गेला.

त्यानंतर दोन-तीन आठवडे झाले असतील. एका मोठ्या दवाखान्यानं तपासणीसाठी तिसरी खिडकी उघडली. दाढीनं प्रोग्रॅममध्ये एक खिडकी वाढवून दिली आणि घोटाळा सुरू झाला. एकच नंबर दोघादोघांना मिळायला लागला. बेचाळीस नंबरचे दोन म्हातारे डॉक्टरच्या दारात एकमेकांना चिठ्ठ्या दाखवत उभे राहिले, दोघंही खरे, आणि मागची रांग वैतागलेली. दवाखान्याचे फोनवर फोन यायला लागले.

दाढी लॅपटॉप उचलून बाईंच्या टेबलाशी आला.

“काकू, इथे लिहिलंय, ‘नवी खिडकी वाढवली तर आणखी एका ठिकाणी सांगावं लागतं. कुठे ते मला विचारा.’”

“मग विचार की.”

“विचारतोय. कुठे?”

“अरे, मला काय माहीत?”

त्यानं पडद्याच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. प्रोग्रॅममध्ये एक सोय असते. ज्या ओळीला शेवटचा हात ज्याचा लागला, त्याचं नाव त्या ओळीसमोर दिसतं. कुणाला काही अडलं की लोक ते नाव बघतात आणि त्या माणसाकडे जातात. म्हणूनच ‘मला विचारा’ लिहिणाऱ्यानं खाली कधी स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. गरजच नव्हती, नाव कडेला आपोआप यायचं. आता त्या कडेला, वरपासून खालपर्यंत, कानामात्राबाईंचं नाव होतं.

“सगळ्या ओळींवर?” बाईंनी विचारलं.

“जिथे जिथे तुम्ही काही सुधारलं तिथे. म्हणजे जवळजवळ सगळ्याच.”

“आणि माझ्याआधी?”

“ते पुसलं जात नाही, खाली असतं. खणून काढावं लागतं.” दाढीनं खणलं. एका ओळीखाली निघालं ते नाव आबांचं. दुसरीखालीही आबांचं. पंधरा-वीस ओळी खणल्यावर त्यानं हात थांबवला. “सगळं आबांचंच आहे, काकू.”

आबांना बाईंनी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्याबद्दल ऐकलं होतं. मॅनेजरबाईंनीच एकदा चहा पिताना सांगितलं होतं. हा प्रोग्रॅम मुळात आबांनी लिहिला, केस काळे होते तेव्हापासून पांढरे होईपर्यंत. गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा निरोपाचा कार्यक्रम ठरला, तर तो त्यांनी धुडकावला. म्हणाले, ‘भाषणं नकोत मला. माझं नाव ओळीओळीवर आहे, तेवढं बास.’ पुढे मॅनेजरबाईंनी त्यांना एकदाच फोन केला, तोही कपाटाची किल्ली परत मागायला. त्यावर त्यांनी किल्ली पोस्टानं पाठवून दिली आणि त्यानंतर ऑफिसचा फोन उचलणं बंद केलं.

हे आठवलं आणि बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. छापखान्यात लेखकाचं नाव मुखपृष्ठावर असायचं आणि मुद्रितं तपासणाऱ्याचं कुठेच नसायचं. तेच योग्य, असं त्या नव्या मुलींना ठणकावून सांगायच्या. आणि आता त्यांनीच एका जित्या माणसाच्या आयुष्यभराच्या कामावरून त्याचं नाव झाकून टाकलं होतं, वर बिस्किटंही वाटली होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

“मी जाते त्यांच्याकडे,” त्या म्हणाल्या.

“ते फाडून खातील, काकू.”

“खाऊ देत. कुठे सांगायचं ते तरी कळेल.”

आबांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या लेकीनं उघडलं. ती कामावर निघाली होती, एक चप्पल पायात आणि दुसरी शोधत होती. बाईंनी ऑफिसातून आल्याचं सांगितलं तशी ती क्षणभर थांबली.

“या ना. बोला जरा त्यांच्याशी, चिडले तरी बोला,” ती हळूच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

खिडकीपाशी टेबल होतं. त्यावर एक रेडिओ उघडून ठेवलेला, त्याचे स्क्रू बशीत मांडलेले. बशीशेजारी फोन होता, पूर्ण चार्ज झालेला, तरी वायर लावून ठेवलेला. आबा अंगानं किरकोळ होते आणि भुवया मात्र दोन माणसांच्या होत्या.

“किल्ली पाठवली होती मी,” ते म्हणाले.

“किल्लीसाठी नाही आले. कबुली द्यायला आलेय,” बाई म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पट्टी, वेलांट्या, कडेचं नाव, तिसरी खिडकी, दोन म्हातारे. काही हातचं राखलं नाही. “तुमचं नाव आता कुठेच दिसत नाही. माझं दिसतं. मला त्यातलं काही कळत नाही, तरी माझंच दिसतं.”

आबांनी हात पुढे केला, बाईंनी आणलेला लॅपटॉप घेतला आणि वाचायला लागले. कडेला बघून त्यांचा चेहरा उतरला, हे बाईंना स्पष्ट दिसलं. फाइलमागून फाइल त्यांनी उघडली. बाईंना बसायला सांगायचं ते विसरले, म्हणून बाई आपणहून बसल्या. इतक्या वर्षांत लेखकासमोर बसून वाट बघायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मग आबा एका ओळीवर थांबले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“हे दाढेचं... हे तुम्ही वाचलंत?”

“वाचल्याशिवाय चूक कशी सापडणार?”

“सगळ्या टिपा वाचल्या?”

“एकूण एक. सहाव्या फाइलमध्ये तुम्ही ग्राहकाला गाढव म्हटलंय. बरोबर लिहिलं होतं, म्हणून हात लावला नाही.”

आबा हसले. आधी नाकातून, मग मोठ्यानं, खांदे हलवून. “तीस वर्षं लिहीत होतो,” ते म्हणाले. “नव्या पोरांना दहादा सांगितलं, टिपा वाचा रे. एकानं वाचल्या असतील तर शपथ. मला वाटायचं मी विहिरीत बोलतोय.”

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “‘बायको बोलवतेय, उरलेलं उद्या’ असं एके ठिकाणी आहे. मी पुढे खूप शोधलं. उरलेलं काही सापडलं नाही.”

“विसरलो असेन दुसऱ्या दिवशी.” त्यांनी ती ओळ शोधून काढली आणि बोटानं दोनदा गिरवली. “जेवण गार होतंय म्हणून बोलवत असणार. तिला जाऊन तीन वर्षं झाली. हे इथे आहे हेच मला आठवत नव्हतं.” मग घसा खाकरून म्हणाले, “त्या दाढीवाल्याला फोन लावा.”

बाईंनी फोन लावून टेबलावर ठेवला. आबांनी त्याला फैलावर घेतलं. तिसरी खिडकी उघडली की तिलाही बाकीच्यांच्या मागे रांगेत उभं करावं लागतं, नाहीतर दोन खिडक्या एकदम नंबर मागतात आणि एकच नंबर दोघींना मिळतो, हे शेंबड्या पोरालाही कळेल, असं ते म्हणाले. कुठली फाइल, कुठली ओळ, तेही सांगितलं. दाढीनं टकटक केलं. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, दवाखान्यातून निरोप होता, नंबर एकेकच निघतायत. बाईंचा जीव भांड्यात पडला.

“आबा, आणखी एक,” दाढी म्हणाला. “काकूंचे बदल मोजू नकोस, असं यंत्राला सांगता येतं. एका ओळीचं काम आहे. मग कडेला सगळीकडे तुमचं नाव परत दिसेल.”

“कर, आत्ताच्या आत्ता कर,” बाई म्हणाल्या.

“थांब रे,” आबा म्हणाले. ते पडद्याकडे बघत होते, जिथे वरपासून खालपर्यंत बाईंचं नाव होतं. मग शेजारच्या आपल्या फोनकडे बघितलं. “राहू दे तसंच.”

“अहो, काय राहू दे? लोक मलाच विचारत येणार.”

“येऊ देत.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“नाही कळत ना?” आबा म्हणाले. “मग मला विचारा.”

बाईंनी नंबर घेतला. निघताना आबांनी रेडिओ बाजूला सारला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

आता ऑफिसात कुणाचं काही अडलं की तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून कानामात्राबाईंच्या टेबलाशी येतो. त्या आधी त्याची चिठ्ठी वाचतात, तिच्यातल्या चुका सुधारतात आणि मग फोन लावतात. पलीकडून पहिली घंटा पुरती वाजायच्या आत आवाज येतो, “आता काय मोडलंत?” आवाज भयंकर त्रासलेला असतो. एकदा बाईंनी विचारलंच, इतक्या लवकर कसा उचलता म्हणून.

“जवळच होतो,” आबा म्हणाले. “बोला.”